आवाज बारीक येतो, जुनंच मशीन बरं!

वाचकांचे प्रश्न, ऑडिओलॉजिस्टची उत्तरं

या अंकातले सगळे प्रश्न एकाच विषयाचे घेतलेत. माध्यमिक शाळेतल्या कर्णबधिर मुलामुलींना जुन्या ॲनालॉग श्रवणयंत्राच्या, म्हणजे मशीनच्या, जागी डिजिटल मशीन लावून बघायचं म्हणजे नक्की काय करायचं, आणि ते करताना मुलं वैतागतात का, यावर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकात ढकलले. पत्रं थोडी छोटी केलीयेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी कर्णबधिर मुलांच्या माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या मोठ्या मुलांना ट्रायलसाठी डिजिटल श्रवणयंत्रं मिळाली. आम्हाला वाटलं मुलं खूश होतील, पण आठवडा झाला नाही तर निम्मी मुलं परत जुनं मशीन लावून यायला लागली. का रे, विचारलं तर खूण करून सांगतात, आवाज बारीक येतो. मशीन लावणारे म्हणतात सेटिंग एकदम बरोबर आहे. आता कोणाचं खरं मानायचं?

उत्तर : बाई, दोघांचंही खरं आहे, आणि सगळ्या ट्रायली इथेच अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुनं ताकदवान ॲनालॉग मशीन येणाऱ्या प्रत्येक आवाजात ठरलेली भर घालतं. समजा भर ६० डेसिबलची आहे, तर ४० चा हळू आवाज कानात १०० चा होऊन जातो आणि ७० चा जवळून आलेला आवाज १३० चा. त्याच्या वर मशीनला जाता येत नाही, मग ते आवाजाची वरची टोकं सरळ छाटून टाकतं आणि आवाज फाटका येतो. तुमची मुलं लहानपणापासून हाच आवाज ऐकतायत, मोठा, जाड, जरा फाटलेला, आणि त्यांच्या लेखी "ऐकू येतंय" म्हणजे हेच. डिजिटल मशीन आवाजाचे आकडे करून त्यावर हिशोब करतं, आणि बहुतेक वेळा तो हिशोब असा असतो की हळू आवाज जास्त वाढवायचा, मोठा आवाज कमी. हे उगाच नाही करत. ज्यांना फार कमी ऐकू येतं त्यांच्या बाबतीत आवाज जेमतेम कळायला लागणं आणि आवाज सहन न होणं यात अंतरच थोडं असतं, जगातले सगळे आवाज त्या चिंचोळ्या जागेत बसवायचे असतात, म्हणून हे कॉम्प्रेशन. कागदावर हे एकदम बरोबर आहे. पण मुलाच्या बाजूने बघा काय होतं ते. ज्या आवाजावरून तो मशीन चांगलं की वाईट ठरवतो, म्हणजे समोरच्या बाईंचा आवाज, बाजूच्या मित्राचं ओरडणं, स्वतःचा आवाज, नेमके तेच आवाज आधीपेक्षा लहान झाले, आणि जे आवाज त्याला कधी ऐकूच येत नव्हते, पंख्याची घरघर, पानं उलटणं, चपला घासणं, ते वर आले. हवं ते कमी झालं आणि नको ते वाढलं, असंच त्याला वाटणार ना!

अजून एक गोष्ट आहे जी मुलं सांगत नाहीत कारण त्यांनाच ती वेगळी करून सांगता येत नाही. अतितीव्र श्रवणदोष असलेल्या मुलाला जाड, खर्जातला मोठा आवाज ऐकू येतो तितकाच जाणवतो पण, कानात थरथर होते. ताकदवान जुन्या मशीनने ती थरथर भरपूर दिलेली असते. डिजिटल मशीनने खर्ज कमी केला की ती जाते, आणि मशीन "मेल्यासारखं" वाटतं. स्वतःचा आवाज पण तो त्याच थरथरीवरून सांभाळत असतो, म्हणून पहिल्या आठवड्यात काही मुलं एकदम मोठ्याने बोलायला लागतात किंवा बोलायचंच बंद करतात. शाळेत कोणाला असं दिसलं तर ते लिहून ठेवा आणि मशीन लावणाऱ्यांना सांगा, त्यांना त्यांच्या खोलीत बसून हे दिसत नाही.

मग करायचं काय? माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या मुलांना पहिल्याच दिवशी पुस्तकातलं सेटिंग देऊ नये. लहान बाळाला द्या, त्याला आधीची सवय नसते. पंधरा वर्षांच्या मुलाचं जुनं मशीन आधी टेस्ट बॉक्समध्ये, म्हणजे मशीनचा आवाज मोजायच्या पेटीत, मोजायचं, कोणत्या पट्टीत, खर्जात की वरच्या सुरात, किती भर घालतंय, जास्तीत जास्त किती आवाज काढतंय ते बघायचं, आणि नवीन मशीन सुरुवातीला त्याच्या जवळपास ठेवायचं, कॉम्प्रेशन अगदी कमी. ते डिजिटल मशीनमध्ये करता येतं, तोच तर त्याचा फायदा आहे, कॉम्प्युटरला जोडलं की सेटिंग बदलतं. मग दर भेटीत थोडं थोडं सरकवायचं, खर्ज थोडा कमी, हळू आवाज थोडे वर. फक्त एक गोष्ट जुन्यावरून डोळे झाकून उचलायची नाही, ती म्हणजे जास्तीत जास्त आवाजाची मर्यादा. उरलेलं ऐकू येणं सांभाळायचंय, त्यामुळे किती आवाजाला त्रास होतो हे त्या मुलाला विचारून, मोजून मगच ती ठरवायची.

आवाज कमीजास्त करायचं बटण चालू करून घ्या. पुष्कळ डिजिटल मशीनमध्ये ते सॉफ्टवेअरमधून बंद करता येतं आणि मुलं छेडछाड करतील म्हणून बंदच ठेवतात. लहान मुलांना ठीक आहे, पण नववीतल्या मुलाच्या हातातून ती गोष्ट काढून घेतली तर त्याने मशीन काढून ठेवण्याशिवाय दुसरं काय करायचं? आणि परीक्षेच्या तोंडावर ट्रायल सुरू करू नका. नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, काहींना काही महिने, या काळात अभ्यास बुडाला तर तो राग मशीनवरच निघणार. जुनं मशीन काढून घेऊन कपाटात कुलूपबंद करणं हा प्रकारही मला अजिबात पटत नाही, ते त्याच्याकडेच असू दे, फक्त दिवसातला मोठा भाग नवीन लावायचं असं त्याच्याशी बोलून ठरवा.

आणि प्रश्न बदला. "आवाज मोठा येतो का" असं विचारलं की उत्तर नेहमी जुन्या मशीनच्या बाजूनेच येणार. विचारायचं असं, मागून कोणी हाक मारली तर कळलं का, कोणत्या मशीनने कळलं, फोनची रिंग कुठून कळली, बाई "स" म्हणाल्या की "श", ओठ न बघता सांगता आलं का. तपासणी मशीनची चाललीये, मुलाची नाही, हे मुलाला पहिल्या दिवशी सांगितलं की तो बराच मोकळं बोलतो, नाहीतर मोठ्यांना काय ऐकायचंय ते ओळखून "हो, छान आहे" म्हणतो आणि घरी गेल्यावर काढून ठेवतो.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. डिजिटल मशीन लावताना कॉम्प्युटरवर दोन रेषा दाखवल्या आणि म्हणाले की बघा, जुळल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. रेषा जुळल्या म्हणजे तिला ऐकू येतं असं समजायचं का? मी घरी काय बघू?

उत्तर : चांगला प्रश्न आहे आणि तो तिथेच विचारायला हरकत नव्हती, पुढच्या वेळी जरूर विचारा. त्या रेषांमधली एक असते हवं तेवढं, दुसरी असते मिळतंय तेवढं. "हवं तेवढं" एका सूत्राने निघतं, मुलीचा ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, टाकला की कोणत्या पट्टीत किती आवाज द्यायचा ते सूत्र सांगतं. जगात मुख्यतः दोन सूत्रं चालतात, एक ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं, त्याला एनएएल म्हणतात, आणि दुसरं कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात मुलांना डोळ्यासमोर ठेवून तयार झालेलं, डीएसएल. डीएसएल मुलांना साधारण थोडा जास्त आवाज देतं. कोणतं वापरलंय हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

खरी गोम "मिळतंय तेवढं" मध्ये आहे. ती रेषा नुसत्या सॉफ्टवेअरने काढलेली असेल तर तो सरासरी कानाचा अंदाज असतो, तुमच्या मुलीच्या कानाचा नाही. कानाची नळी लहान असली, मोल्ड, म्हणजे कानात बसणारा मशीनचा साचा, सैल असला की प्रत्यक्ष आवाज पुष्कळ वेगळा निघतो. खरं मोजायचं असेल तर मोल्डच्या बाजूने एक बारीक मऊ नळी पडद्याच्या जवळपर्यंत सरकवतात आणि मशीन चालू असताना आत किती आवाज पोचतोय ते मोजतात, याला रिअल इयर मेजरमेंट म्हणतात, दुखत नाही, फार वेळ लागत नाही. तेवढं विचारा, "कानात नळी घालून मोजलं का?" मुलांच्या बाबतीत हे मोजणं मी सोडूच नये म्हणेन.

आणि एवढं करूनही रेषा म्हणजे आवाज पोचला, समजला असं नाही. समजण्यासाठी घरी एक सोपी चाचणी रोज सकाळी करता येते, डॅनियल लिंग यांनी दिलेले सहा आवाज, आ, ऊ, ई, म, श, स. यात बोलण्यातल्या खर्जापासून अगदी वरच्या पट्टीपर्यंतचं सगळं थोडं थोडं येतं. ओठ दिसणार नाहीत असं पातळ कापड किंवा जाळी तोंडासमोर धरायची, हात किंवा जाड पुठ्ठा नको, त्याने आवाजच दबतो, आणि नेहमीच्या आवाजात एकेक आवाज म्हणायचा, क्रम बदलून, मध्ये मध्ये गप्प राहून, नाहीतर ती ताल पकडते. आधी एका मीटरवरून, मग दोन, मग तीन. कळलं तर हात वर नको, जे ऐकलं ते म्हणायचं किंवा खूण करायची. ऊ आणि म गेले तर खालच्या पट्टीत गडबड, श आणि स गेले तर वरच्या. काल येत होतं आणि आज एकही येत नाही, तर मुलीकडे बघू नका, सेल आणि मशीनपासून मोल्डपर्यंतची नळी बघा. श्रवणदोष फार असेल तर "स" कुठल्याच मशीनने येणार नाही असंही होतं, मग तो रोज म्हणून तिला हिरमुसलं करू नका, येतात तेवढ्यांवरच लक्ष ठेवा.

शब्दांचं बघायचं तर ओठांवर सारखे दिसणारे शब्द घ्या. पान, बाण, मान, तीनही शब्दांना ओठ सारखेच मिटतात, नुसतं बघून सांगता येत नाही, इथे मशीन मदत करतंय का ते कळतं. आणि एक, डिजिटल मशीन दिवसाला सरासरी किती तास चालू होतं याची नोंद स्वतःच ठेवतं, तपासणीला गेल्यावर कॉम्प्युटरवर ती दिसते. ती नोंद तुमच्या मुलीला पकडायला वापरू नका अशी अगदी मनापासून विनंती. दोन तास दिसले तर "खोटं बोललीस" नको, "कुठे त्रास होतो?" असं विचारा, त्यातून काहीतरी दुरुस्त करता येईल.

प्रश्न : मी नववीत आहे. नवीन मशीन मला घरी आवडतं, आजीचं बोलणं आता कळतं. पण वर्गात सगळ्यांचा आवाज एकत्र येतो, बाक सरकवला की डोक्यात जातं. सर फळ्याकडे तोंड करून बोलतात तेव्हा काहीच कळत नाही. मित्र म्हणतो नवीन मशीन आहे ना मग का ऐकू येत नाही. माझं मशीन खराब आहे का?

उत्तर : खराब नाहीये. तू जे लिहिलंयस ते इतकं नेमकं आहे की मला तुझ्या वर्गात न येता कळलं. आजी तुझ्यापासून एक-दीड मीटरवर असते, घर शांत असतं. सर असतात पाच-सहा मीटरवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने कमी होतो, म्हणजे सरांचा आवाज तुझ्याकडे येईपर्यंत बारीक होतो, आणि तुझ्या बाजूचा बाक मात्र अर्ध्या मीटरवर सरकतो. मशीनच्या माइकला दोन्ही ऐकू येतात आणि ते दोन्ही वाढवतं. वर भिंतींवर आपटून आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांवर चढतात. ज्यांना चांगलं ऐकू येतं ती मुलं या गोंधळात पण वाट काढतात, तुला त्यासाठी बोलणं गोंगाटाच्या बरंच वर हवं, साधारण १५ डेसिबल वर असावं असं धरतात. मशीनमध्ये गोंगाट कमी करायची सोय असते, तिने डोकं कमी दुखतं हे खरं, पण शब्द जास्त समजतात असं फारसं होत नाही. मित्राला हे दाखव.

मशीनमध्ये समोरचा आवाज जास्त घ्यायची सोय पण असते, माइक फक्त पुढे बघतात. सर समोर उभं राहून शिकवतायत तेव्हा ती बरी, पण गटात बसून काम करताना बाजूचा मुलगा बोलला तर उलट तोच कापला जातो. त्यामुळे दोन प्रोग्राम करून घे, एक सगळीकडचा, एक समोरचा, आणि बटणाने कधी कोणता लावायचा ते तू ठरव, तुला सवयीने कळेल.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो सरांच्या गळ्यात किंवा कॉलरला लावायच्या माइकने. तो तोंडापासून वीतभर अंतरावर असतो आणि आवाज थेट तुझ्या मशीनमध्ये पाठवतो, सर पाठ फिरवून फळ्यावर लिहीत असले तरी. तुझं मशीन अशा माइकला जोडता येतं का हे ट्रायलमध्येच बघून घे, नंतर नको. मुलं उत्तर देत असतील तेव्हा माइक त्यांच्याकडे फिरवायचा, नाहीतर तुला अर्धाच वर्ग ऐकू येईल. आणि सर स्टाफरूममध्ये गेले की माइक बंद करायचा, ते त्यांना आठवण करून दे!

सरांसाठी दोन ओळी, हे पान त्यांना वाचायला दे. सर, बोलताना मुलांकडे तोंड असू द्या, फळ्यावर लिहून झालं की मगच वळून समजवा, हातातला कागद ओठांपुढे येऊ देऊ नका, आणि बाकांच्या-खुर्च्यांच्या पायांना खालून रबर लावून घ्या. शांत वर्गासाठी अमेरिकेत २००२ साली जे मानक आलं त्यात नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गातला गोंगाट ३५ डेसिबलपेक्षा जास्त नको आणि घुमणं ०.६ सेकंदाच्या आत हवं असं ठरवलंय. तिथपर्यंत लगेच पोचणं अवघड आहे, पण जाड पडदे, भिंतीवर कापडी बोर्ड, रस्त्याकडची खिडकी तासापुरती बंद, एवढ्यानेही घुमणं आणि गोंगाट कमी होतो.

आणि बाक सरकल्याचा आवाज डोक्यात जातो ते मशीन लावणाऱ्यांना याच शब्दांत सांग. अचानक येणाऱ्या टोचऱ्या आवाजांची मर्यादा वेगळी खाली आणता येते.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, दोन्ही कानांना ९० डेसिबलच्या वर श्रवणदोष, वरच्या पट्टीत तर काहीच प्रतिसाद नाही. डिजिटल मशीन घेतलं तर त्याचं बोलणं स्पष्ट होईल असं बरेच जण सांगतात. घ्यावं का?

उत्तर : घ्यायचं का ते ट्रायलनंतर ठरवा, पण "बोलणं स्पष्ट होईल" या आशेवर घेऊ नका. असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो, कारण नंतर निराशा आईवडिलांच्या तोंडावर दिसते आणि मुलगा ती वाचतो.

आतल्या कानात वेगवेगळ्या पट्टीसाठी वेगवेगळ्या जागी सूक्ष्म केसपेशी असतात. एखाद्या भागात त्या कामच करत नसतील तर तिथे कितीही मोठा आवाज पाठवला तरी पुढे मेंदूकडे काही जात नाही, अशा जागेला डेड रीजन म्हणतात. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ब्रायन मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे ओळखायची टीईएन नावाची चाचणी मांडली. तुमच्या मुलाला वरच्या पट्टीत काहीच प्रतिसाद नाही म्हणजे तिथे असा भाग असण्याची शक्यता बरीच. अशा ठिकाणी मशीन जोर लावून आवाज कोंबत राहिलं तर मिळतं काय, शिट्टी आणि फाटका आवाज. काही डिजिटल मशीनं वरच्या पट्टीतला आवाज खाली आणून देतात, म्हणजे "स", "श" त्याला जिथे ऐकू येतं त्या पट्टीत येतात. नेहमीच्या जुन्या मशीनमध्ये हे नव्हतं आणि काही मुलांना याने खरंच नवीन आवाज कळायला लागतात. पण तो "स" त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेला, वेगळ्याच रूपातला आवाज असतो, तो ओळखायला शिकवावं लागतं, नुसतं चालू करून सोडलं तर तो एक नवा गोंगाट ठरतो. सगळ्यांना जमतंच असंही नाही, आधी आणि नंतर श-स ओळखायला लावून तपासा, फरक नसेल तर ती सोय बंद करा.

त्याच्या बोलण्याचं म्हणाल तर पंधराव्या वर्षापर्यंत बोलायची घडण बरीच पक्की झालेली असते. मशीनने स्वतःचा आवाज जरा सांभाळता येईल, कोण बोलतंय, आवाज चढा की हळू, प्रश्न विचारला की सांगितलं, हे कळायला मदत होईल, ओठवाचनाला जोड मिळेल. ओठवाचनासोबत खर्जाचा थोडासा आवाज मिळाला तरी समजण्यात मोठी भर पडते, हे कमी समजू नका. कॉक्लियर इम्प्लांटचं, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायच्या यंत्राचं, कोणी सुचवलं असेल तर रीतसर तपासणी करून घ्या, पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलात मोठ्या वयात केलेल्या इम्प्लांटचा निकाल बाळपणी केलेल्यासारखा नसतो, आधी मशीन सातत्याने वापरलंय का आणि बोली भाषा किती आहे यावर बरंच अवलंबून असतं. आणि तो खाणाखुणांच्या भाषेत बोलत असेल तर ती थांबवू नका. त्याचा अभ्यास, त्याचे मित्र, त्याचं मन मोकळं करणं त्या भाषेत चालतं, मशीन आलं म्हणून ते काढून घ्यायचं कारण नाही.

प्रश्न : डिजिटल असूनही शिट्टी वाजते. आणि सेल फार लवकर संपतो, मशीनच बिघडलंय का?

उत्तर : बहुतेक मोल्ड. डिजिटल मशीन शिट्टी ओळखून उलटा आवाज सोडून ती दाबतं, पण त्यालाही मर्यादा आहे. वाढत्या वयात कान वाढतो, मोल्ड सैल होतो, मग आवाज बाहेर गळतो आणि परत माइकमध्ये जातो. नळी पिवळी, कडक झाली असेल तर ती बदला, मोल्ड नवीन करा, आणि कानात मळ आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. शिट्टी येते म्हणून आवाज कमी करून ठेवणं हा उपाय नको, मग मशीन लावून उपयोग काय.

सेल झिंक-एअर असतात, हवेवर चालतात. वरचं स्टिकर काढलं की सेल सुरू होतो आणि परत चिकटवून थांबत नाही, म्हणून दोन-चार सेलची स्टिकरं एकदम काढून ठेवू नका. काढल्यावर लगेच बसवू पण नका, काही मिनिटं उघडा ठेवा. ताकदवान मशीनला निळ्या स्टिकरचा ६७५, मध्यमला नारिंगी स्टिकरचा १३, चुकीचा कोंबून बघू नका. रात्री सेलचा दरवाजा उघडा ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, घाम येणाऱ्या मुलांनी तर रोज. केस वाळवायच्या ड्रायरने वाळवू नये.

प्रश्न : मी दहावीत आहे. मला मशीन नकोच आहे. माझ्या मैत्रिणी, मी, आम्ही सगळ्या साइनमध्ये, म्हणजे खुणांच्या भाषेत, बोलतो, मला त्यातच बरं वाटतं. घरी आणि शाळेत सगळे म्हणतात नवीन डिजिटल आलंय, एकदा ट्रायल कर. मी नाही म्हणू शकते का?

उत्तर : हो, म्हणू शकतेस. कान तुझे आहेत. तुझी भाषा पूर्ण भाषा आहे, तिच्यात शिकता येतं, भांडता येतं, प्रेम करता येतं, आणि मशीन न लावणारी असंख्य माणसं जगात उत्तम शिकलेली, कमावती आहेत.

फक्त एक विचार कर, "नको" कशासाठी आहे ते स्वतःपुरतं नीट बघ, कारण त्यातल्या काही "नको"वर उपाय असतो. मोल्ड टोचतो, कान ओला राहतो, तर मोल्ड बदलता येतो. दिवसभर लावून संध्याकाळी डोकं दुखतं, थकायला होतं, तर ते खरं आहे, लक्ष देऊन ऐकायला फार मेहनत पडते, मग दिवसातले काही तासच लाव, मधल्या सुट्टीत काढून ठेव, कोणी चुकीचं म्हणणार नाही. लोक बघतात म्हणून नको असेल तर मी "लोकांकडे लक्ष देऊ नको" असं तुला सांगणार नाही, बघतात ते खरंच आहे आणि त्रास होतो. पण जर मशीनने काहीच मिळत नाही म्हणून नको असेल, तर ते कारण तपासणी करणाऱ्यांनी ऐकून घ्यायलाच हवं.

ऑस्ट्रेलियातल्या त्याच संस्थेने, जिचं सूत्र वर सांगितलं, एक साधी पद्धत काढलीये, कोसी म्हणतात तिला. मशीन वापरणाऱ्यानेच जास्तीत जास्त पाच प्रसंग लिहायचे जिथे त्याला स्वतःला ऐकू यायला हवंय, आणि ट्रायलच्या शेवटी फक्त त्या प्रसंगांत फरक पडला का तेवढंच बघायचं. तू तुझी यादी कर. त्यात "रस्त्यात मागून येणारी गाडी" असेल, "घरात बेल" असेल, "कार्यक्रमात ढोल" असेल, "आई हाक मारते ते" असेल, एकच असेल तरी चालेल. "वर्गातलं लेक्चर" नसेल तर नसू दे, ते तुला इंटरप्रिटर किंवा नोट्समधून मिळत असेल. यादी घेऊन जा आणि सांग की मी या प्रसंगांसाठीच बघणार आहे, बाकीच्या वेळी लावणार नाही. तुझं बोलणं नीट समजावं म्हणून सोबत साइन येणारं कोणीतरी ने, आईला तुझ्या वतीने उत्तरं देऊ देऊ नकोस. आणि यादी करायला बसलीस आणि एकही प्रसंग सुचला नाही, तर तेच घरी सांग, ट्रायल नको.

मशीन लाव किंवा नको लावूस, वर्षातून एकदा कान तपासून घेत जा. ऐकू येणं बदलू शकतं, कानात मळ साठतो, पाणी होतं, आणि ते तुला माहीत असलेलं बरं.